लिंगभाव अभ्यासात एम.ए. करताना : बौद्ध तरुण-तरुणींसाठी माहिती आणि मार्गदर्शन

पदवीचा निकाल लागला की विहारातल्या बैठकीत आणि वस्तीतल्या अभ्यासिकेत एकच प्रश्न फिरू लागतो, पुढे काय? बी.एड., एम.एस.डब्ल्यू., एलएल.बी. किंवा स्पर्धा परीक्षा ही उत्तरे सगळ्यांना पाठ असतात. गेल्या काही वर्षांत आपल्या काही मुली आणि थोडे मुलगेही आणखी एक नाव घेऊ लागले आहेत, लिंगभाव अभ्यास म्हणजेच जेंडर स्टडीज. घरच्यांना हे नाव कळत नाही. "बायकांचा अभ्यास करून नोकरी कोण देणार?" असे विचारले जाते. चळवळीतले काही जण तर "हा उच्चवर्णीय बायकांचा विषय, आपला नाही" असे म्हणून विषय तिथेच संपवतात.

या दोन्ही शंका आम्हाला दुर्लक्ष करण्यासारख्या वाटत नाहीत. म्हणून हा विषय नेमका काय आहे, कुठे शिकता येतो, पैसे आणि कागदपत्रांची सोय कशी करावी आणि पदवीनंतर काय मिळते किंवा मिळत नाही, हे एका ठिकाणी मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

विषय काय आहे?

माणूस जन्मतः स्त्री, पुरुष किंवा वेगळ्या शरीराचा असतो, ते लिंग. पण बाईने कसे बसावे, पुरुषाने रडावे की नाही, पाणी कोणी भरावे, जमीन कोणाच्या नावावर असावी, लग्न कोणाशी व्हावे हे समाज ठरवतो. समाजाने ठरवलेल्या या रचनेला लिंगभाव म्हणतात. ही रचना कशी तयार झाली, तिच्यात सत्ता कोणाकडे आहे आणि ती कशी बदलते, याचा अभ्यास म्हणजे लिंगभाव अभ्यास. त्यात इतिहास, समाजशास्त्र, कायदा, अर्थशास्त्र आणि साहित्य असे सगळेच येते. हा विषय फक्त मुलींसाठी नाही. पुरुषत्व, तृतीयपंथी व्यक्तींचे हक्क, सर्वोच्च न्यायालयाचा १५ एप्रिल २०१४ चा नालसा निकाल हेही यात शिकवले जाते.

भारतात या विषयाची सुरुवात आधी स्त्री अभ्यास म्हणून झाली. १९७१ मध्ये केंद्र सरकारने स्त्रियांच्या स्थितीचा आढावा घेण्यासाठी समिती नेमली. तिचा 'समानतेकडे' हा अहवाल डिसेंबर १९७४ मध्ये आला. स्वातंत्र्यानंतर पंचवीस वर्षे उलटूनही स्त्रियांची स्थिती अनेक बाबतींत घसरली आहे, हे त्यातून पुढे आले. त्याच वर्षी मुंबईच्या एस.एन.डी.टी. महिला विद्यापीठात नीरा देसाई यांच्या पुढाकाराने देशातले पहिले स्त्री अभ्यास केंद्र सुरू झाले. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मदतीने अनेक विद्यापीठांत अशी केंद्रे उभी राहिली.

हा विषय आपला आहे का?

आमचे उत्तर असे की हा विषय आपल्याकडे बाहेरून आलेला नाही. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील एका चर्चासत्रात बाबासाहेबांनी 'भारतातील जाती' हा निबंध वाचला. तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते. जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न लावण्याच्या सक्तीमुळे, आणि ती सक्ती टिकवण्यासाठी सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या प्रथा निर्माण झाल्या, हे त्या निबंधाचे सूत्र. म्हणजे स्त्रीवर ताबा ठेवल्याशिवाय जात उभी राहू शकत नाही. आजच्या वर्गात 'ब्राह्मणी पितृसत्ता' या संकल्पनेखाली जे शिकवले जाते, त्याचा गाभा या निबंधात आहे. इतिहासकार उमा चक्रवर्ती यांनी १९९३ मध्ये ही संकल्पना सविस्तर मांडली.

बाबासाहेब पुढेही या प्रश्नाकडे परत परत आले. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभाच्या विधेयकाच्या बाजूने ते बोलले. १९३८ मध्ये संततिनियमनाचा ठराव त्यांच्या वतीने पी. जे. रोहम यांनी मांडला. १९५१ मध्ये 'हिंदू स्त्रीची उन्नती आणि अवनती' हा लेख त्यांनी लिहिला, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कायदामंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्यामागे हिंदू कोड बिलाची झालेली कोंडी हे एक प्रमुख कारण होते.

आपल्या स्त्रियांनी फक्त ऐकण्याचे काम केले असेही नाही. २० जुलै १९४२ रोजी नागपुरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद झाली. तिला हजारो स्त्रिया आल्या होत्या. या स्त्रियांचा इतिहास ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी गावोगाव फिरून, मुलाखती घेऊन 'आम्हीही इतिहास घडवला' या पुस्तकात लिहिला. ते १९८९ मध्ये आले. विद्यापीठाची पदवी किंवा अनुदान यांची वाट न पाहता झालेले हे संशोधन आज देशभरातल्या लिंगभाव अभ्यासाच्या वर्गात वाचले जाते.

तरीही "हा उच्चवर्णीय बायकांचा विषय" या म्हणण्यात तथ्य होते. सुरुवातीच्या स्त्री अभ्यासात 'स्त्री' म्हटले की डोळ्यांसमोर यायची ती मध्यमवर्गीय, सवर्ण स्त्री. १९९५ मध्ये गोपाळ गुरू यांनी दलित स्त्रिया वेगळे का बोलतात हा प्रश्न मांडला. त्यांच्या मते दलित स्त्रीला एका बाजूने सवर्ण स्त्रीवाद आणि दुसऱ्या बाजूने दलित पुरुषांचे नेतृत्व, अशा दोघांकडून बाजूला सारले जाते. शर्मिला रेगे यांनी १९९८ मध्ये त्याला उत्तर देत दलित स्त्रीवादी भूमिदृष्टी मांडली. दलित स्त्रीच्या जागेवरून पाहिले की सगळ्या समाजाची रचना अधिक स्पष्ट दिसते, आणि ही दृष्टी इतर स्त्रियांनीही अभ्यासाने आणि संघर्षाने कमवावी, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांनी बेबीताई कांबळे, शांताबाई कांबळे, ऊर्मिला पवार यांच्यासारख्यांच्या आत्मकथनांना विद्यापीठाच्या अभ्यासात मानाचे स्थान दिले आणि बाबासाहेबांचे ब्राह्मणी पितृसत्तेवरील लेखन २०१३ मध्ये संपादित केले. त्याच वर्षी त्यांचे निधन झाले.

खैरलांजीचे उदाहरण घ्या. २९ सप्टेंबर २००६ रोजी भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली, त्यात मायलेकी होत्या. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आरोपींना हत्येसाठी शिक्षा दिली, पण ॲट्रॉसिटी कायद्याची कलमे टिकली नाहीत आणि विनयभंगाचे कलमही टिकले नाही. जात आणि लिंगभाव ही दोन्ही कारणे निकालातून निसटली. अशा खटल्यात पुरावा कसा नोंदवला जातो, बाईच्या शरीरावरची हिंसा ही जातीची हिंसा म्हणून कशी वाचायची, हे समजणारी माणसे आपल्यातून तयार व्हायला हवीत. आम्हाला हा विषय महत्त्वाचा वाटतो तो त्यासाठी.

कुठे शिकता येते?

अभ्यासक्रम साधारण दोन वर्षांचा, चार सत्रांचा असतो. बहुतेक ठिकाणी कोणत्याही शाखेचा पदवीधर अर्ज करू शकतो. बी.एस्सी. किंवा बी.कॉम. झालेल्यांनी मागे राहण्याचे कारण नाही.

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ : येथील क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्र १९८७ मध्ये सुरू झाले. विद्युत भागवत आणि त्यांच्यानंतर शर्मिला रेगे यांनी ते घडवले. येथे 'लिंगभाव, संस्कृती आणि विकास' या विषयात एम.ए. करता येते. फुले-आंबेडकरी विचार अभ्यासक्रमाच्या मध्यभागी ठेवणारे केंद्र म्हणून त्याची ओळख आहे. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांनी सगळ्यात आधी या केंद्राचा विचार करावा असे आम्हाला वाटते.

टाटा समाजविज्ञान संस्था, मुंबई : येथे स्त्री अभ्यासात एम.ए. आहे. प्रवेशासाठी सीयूईटी-पीजी ही राष्ट्रीय परीक्षा द्यावी लागते. शिकवणे इंग्रजीत होते.

महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विद्यापीठ, वर्धा : येथे स्त्री अध्ययन हिंदी माध्यमातून शिकता येते. विदर्भातल्या मुलांना हे ठिकाण जवळचे आहे.

हैदराबाद विद्यापीठ आणि दिल्लीचे डॉ. बी. आर. आंबेडकर विद्यापीठ : दोन्हीकडे लिंगभाव अभ्यासात एम.ए. आहे. पहिले केंद्रीय विद्यापीठ आहे, दुसरे दिल्ली सरकारचे.

इग्नू : नोकरी, लहान मूल किंवा घरची जबाबदारी असणाऱ्यांसाठी इग्नूचा 'स्त्री आणि लिंगभाव अभ्यास' हा एम.ए. सोयीचा आहे. वेगळी प्रवेश परीक्षा नाही. जानेवारी आणि जुलै अशा दोन सत्रांत प्रवेश होतात आणि दोन ते चार वर्षांत पदवी पूर्ण करता येते. मात्र एकट्याने अभ्यास करण्याची शिस्त हवी. गावात दोघी-तिघींनी मिळून प्रवेश घेतला तर अभ्यास टिकतो.

सीयूईटी-पीजीचे अर्ज साधारणपणे डिसेंबर-जानेवारीत सुरू होतात. पदवीच्या निकालाची वाट पाहत बसलात तर मुदत निघून जाते. शेवटच्या वर्षाला असतानाच अर्ज करा.

कागदपत्रे : आपल्यासाठी महत्त्वाची बाब

१९५० च्या अनुसूचित जाती आदेशात १९९० मध्ये दुरुस्ती झाली आणि बौद्धांना केंद्रातही अनुसूचित जातीच्या सवलती मिळू लागल्या. पण कागदावर अडचण अजून होते. राज्यातल्या प्रवेशासाठी चालणारे 'अनुसूचित जातीतून बौद्ध धर्मांतरित' या नमुन्यातले प्रमाणपत्र केंद्रीय संस्थेत अडवले जाऊ शकते. हैदराबाद, वर्धा किंवा मुंबईच्या टाटा संस्थेत अर्ज करायचा असेल तर केंद्रीय नमुन्यातले जातीचे प्रमाणपत्र उपविभागीय अधिकारी कार्यालयातून आधीच काढून ठेवा. नमुना त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत दिलेला असतो, त्याची छापील प्रत सोबत न्या.

याशिवाय जात वैधता प्रमाणपत्र, चालू आर्थिक वर्षाचा उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, आधारशी जोडलेले स्वतःच्या नावाचे बँक खाते आणि लग्न झालेल्या मुलींसाठी नावातील बदलाचे राजपत्र किंवा विवाह नोंदणी दाखला तयार असू द्या. मुलीचे जातीचे प्रमाणपत्र वडिलांच्या कागदपत्रांवर ठरते, सासरच्या नाही. लग्नानंतर ही कागदपत्रे माहेरी अडकून राहतात. ती स्वतःजवळ ठेवा.

पैशाची सोय

भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाख रुपयांपर्यंत असावे लागते. अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर करायचा असतो. उत्पन्न त्याहून जास्त असेल तर राज्यात फ्रीशिप, म्हणजे शिक्षण आणि परीक्षा शुल्काची सवलत मिळू शकते. महाराष्ट्राबाहेर शिकत असलात तरी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आपल्याच राज्याकडून मिळते.

शासकीय वसतिगृहात प्रवेश मिळाला नाही तर भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेचा अर्ज करा. मुंबई, पुणे, नागपूर अशा मोठ्या शहरांत राहणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी तिची रक्कम वर्षाला ६० हजार रुपये ठरवलेली आहे. पैसे उशिरा येतात, म्हणून पहिल्या सहा महिन्यांचा खर्च वेगळा बाजूला ठेवून निघा.

प्रवेश घेताना एक प्रश्न लेखी विचारा : शिष्यवृत्तीधारकाला शुल्क आधी भरावे लागेल का? फेब्रुवारी २०१८ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेच्या विद्यार्थ्यांनी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीधारकांची वसतिगृह आणि भोजन शुल्काची सवलत काढून घेतल्याविरुद्ध संप केला होता. तेव्हा जे घडले ते इतर संस्थांतही घडू शकते. घरातून पहिल्यांदाच विद्यापीठात जाणारी मुलगी हजारो रुपयांच्या नोटिशीने खचून घरी परतते. नोटीस आली तर एकटीने कार्यालयात जाऊ नका. अनुसूचित जाती-जमाती कक्ष आणि विद्यार्थी संघटना यांना सोबत घ्या.

परदेशात शिकायचे असेल तर

लंडनच्या लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये लिंगभाव अभ्यासाचा स्वतंत्र विभाग आहे. बाबासाहेब याच संस्थेत शिकले. लंडनचीच सोआस आणि नेदरलँड्समधील हेग येथील समाजविज्ञान संस्था येथेही हा विषय शिकता येतो. स्पेनच्या ग्रॅनाडा विद्यापीठाच्या समन्वयाने चालणारा 'गेम्मा' हा संयुक्त युरोपीय अभ्यासक्रमही प्रसिद्ध आहे.

राज्याच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीत अनुसूचित जाती आणि नवबौद्ध घटकातील ७५ विद्यार्थ्यांची निवड होते. त्यासाठी विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची आणि वयाची अट असते. केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीत १२५ जागा आहेत, त्यांतील ११५ अनुसूचित जातींसाठी. तिथे उत्पन्नाची मर्यादा वार्षिक आठ लाख आहे.

मात्र केंद्राच्या योजनेबद्दल सावध राहा. फेब्रुवारी २०२२ मध्ये तिच्या नियमांत बदल करून भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरील सामाजिक अभ्यास हे विषय वगळण्यात आले. परदेशात जाऊन जात आणि पितृसत्तेवर संशोधन करू इच्छिणाऱ्या आपल्या मुलीला या योजनेचे दार त्या नियमाने बंद झाले. ज्या विषयावर बाबासाहेबांनी कोलंबियात निबंध वाचला, तोच विषय आज या योजनेच्या अर्जात लिहिता येत नाही. हा बदल मागे घ्यावा ही मागणी आपल्या संघटनांच्या निवेदनांत कायम राहिली पाहिजे. तोवर अर्ज करताना त्या वर्षीचे नियम शब्दन् शब्द वाचा आणि राज्याच्या योजनेचा अर्जही सोबत भरा.

नोकरीचे काय?

इथे खोटी आशा दाखवणे बरोबर नाही. पदवी महाविद्यालयांत हा विषय फारसा नाही, त्यामुळे प्राध्यापकांच्या जागा मोजक्या आहेत. विद्यापीठांतल्या केंद्रांची अवस्थाही नाजूक आहे. २०१७ मध्ये बाराव्या योजनेचा कालावधी संपला तेव्हा स्त्री अभ्यास केंद्रांचे अनुदान पुढे चालू राहील की नाही, अशी टांगती तलवार देशभर होती.

तरी मार्ग आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नेट परीक्षेत स्त्री अभ्यास हा स्वतंत्र विषय आहे. कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळाली तर सुरुवातीला दरमहा ३७ हजार रुपये मिळतात. पीएच.डी.साठी बार्टीची अधिछात्रवृत्ती आहे, जरी तिच्यासाठी विद्यार्थ्यांना वेळोवेळी आंदोलने करावी लागली आहेत. महिला आर्थिक विकास महामंडळाचे प्रकल्प, सखी केंद्रे, कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालील यंत्रणा आणि आरोग्य, शिक्षण व शेतमजूर स्त्रियांसोबत काम करणाऱ्या संस्था इथे या पदवीचा उपयोग होतो. मात्र प्रत्येक जाहिरातीत पात्रता तपासा. काही पदांना एम.एस.डब्ल्यू. किंवा कायद्याचीच पदवी लागते. म्हणून आमचा सल्ला असा की या एम.ए.सोबत कायदा, संख्याशास्त्राची प्राथमिक ओळख, भाषांतर किंवा पत्रकारिता यांपैकी एक कौशल्य जोडून घ्या.

एका जागेकडे आपले लक्ष जात नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक समिती असते. तिच्या नामनिर्देशित सदस्यांत किमान एक स्त्री अनुसूचित जाती, जमाती, इतर मागासवर्ग किंवा अल्पसंख्याक समाजातली असावी असे कायदा सांगतो. तुमच्या जिल्ह्यात ती कोण आहे, हे माहितीच्या अधिकारात विचारून पाहा.

संशोधनाचा विषय निवडताना

बहुतेक ठिकाणी शेवटच्या वर्षी लघुप्रबंध लिहावा लागतो. विषय शोधायला दूर जाण्याची गरज नाही. वर्षावासात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचणारी महिला मंडळे, भीमगीते गाणाऱ्या गायिका, सफाई कामगार स्त्रिया, ऊसतोडीला जाणाऱ्या मायलेकी, आपल्या वधू-वर मेळाव्यांत अजून विचारली जाणारी पोटजात, यांतला प्रत्येक विषय प्रबंधाचा आहे. धम्माच्या इतिहासातही काम खूप आहे. महाप्रजापती गौतमीने भिक्खुणी संघासाठी केलेली मागणी, थेरीगाथेतल्या स्त्रियांचे अनुभव, भिक्खुणींवर घातलेले आठ गरुधम्म आणि त्यांच्याबद्दल अभ्यासकांत असलेले मतभेद, १९९८ मध्ये बोधगयेत झालेली भिक्खुणींची उपसंपदा हे सगळे आपल्या मुलींनी मूळ पालीतून वाचून लिहावे असे आम्हाला वाटते.

यातला एक धोका ओळखून ठेवा. आपल्याच वस्तीवर लिहिताना माणसे मोकळी बोलतात, कारण तुम्ही त्यांच्याच घरातले असता. नवऱ्याच्या मारहाणीबद्दल बोललेली मावशी उद्या प्रबंधात ओळखू आली तर तिला त्याच गल्लीत राहायचे आहे. नाव, गाव, खुणा बदला. तिची संमती घ्या आणि लिहून झाल्यावर तिला वाचून दाखवा.

दुसरा प्रश्न आपल्या चळवळीचा आहे. या मुली शिकून परत येतील तेव्हा त्या फक्त मनुस्मृतीवर बोलणार नाहीत. जयंती समितीत किती स्त्रिया आहेत, व्यासपीठावर त्यांना फक्त बुद्धवंदनेसाठी का बोलावले जाते, विहाराच्या विश्वस्तांत त्यांची नावे का नाहीत, हेही त्या विचारतील. काही कार्यकर्त्यांना यात समाजाची बदनामी दिसते. आम्हाला ते पटत नाही. २५ डिसेंबर हा मनुस्मृती दहनाचा दिवस आपण भारतीय स्त्री मुक्ती दिन म्हणून पाळतो. त्या दिवशी भाषण करणाऱ्याला या प्रश्नांची उत्तरेही देता आली पाहिजेत.

सुरुवात कुठून करावी?

प्रवेशाला अजून वेळ असेल तर वाचायला लागा. ताराबाई शिंदे यांची १८८२ ची 'स्त्री पुरुष तुलना', 'जिणं आमुचं', 'माझ्या जल्माची चित्तरकथा', 'अंतःस्फोट', 'आयदान', 'आम्हीही इतिहास घडवला' आणि बाबासाहेबांचा 'भारतातील जाती' हा निबंध, एवढे मराठीतून वाचून झाले की मुलाखतीत तुम्ही कमी पडणार नाही. इंग्रजीची भीती वाटत असेल तर शैलजा पाईक यांचे दलित स्त्रियांच्या शिक्षणावरचे २०१४ चे पुस्तक रोज दोन पाने या हिशेबाने वाचा. पुण्याच्या येरवड्यातील झोपडपट्टीत वाढलेल्या या प्राध्यापिकेला २०२४ मध्ये मॅकआर्थर अधिछात्रवृत्ती मिळाली.

आणि ज्यांना स्वतः हा अभ्यास करायचा नाही, त्यांनी एवढे करावे : आपल्या विहारातल्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांची यादी करा, केंद्रीय नमुन्यातले प्रमाणपत्र कोणाकडे नाही ते पाहा, आणि डिसेंबर उजाडण्याआधी ते काढून द्या. एका मुलीचे वर्ष त्याने वाचते.

जय भीम!